एकशे चाळीस

७ जुलै १९९६, रविवार

पेटी उघडायची नाही असं ठरलं! युनियनच्या सभेत मी चाळीस मिनिटं बोलले, हातात कागद न घेता.

पेटीत ते यंत्र आहे. कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर पट्टा बांधायचा, की आतल्या बाळाचे ठोके आपोआप आकड्यात दिसतात, कागदाच्या पट्टीवर रेघ उमटत जाते. परदेशी माल. आमच्या प्रसूतिगृहाच्या ट्रस्टचे अध्यक्ष हिम्मतराव, मोटारपंपांची एजन्सी आहे त्यांची, म्हणतात आता आयात सोपी झाली, जग कुठे चाललंय, आपण अजून पोटाला नळी लावून बसायचं काय? आणि त्याच दमात : यंत्र आलं की पाळीला चार सिस्टर कशाला, दोन बास!

तिथेच मी धरलं त्यांना. म्हणाले, "यंत्राला पगार नाही, रजा नाही, युनियन नाही, म्हणून ते मालकाला आवडतं! बाई म्हणजे काय तुमचा पंप आहे, मीटर लावून सोडून द्यायला? माणसाचा पहिला ठोका माणसाच्या कानाने ऐकावा!"

टाळ्या पुष्कळ झाल्या म्हणे. मला हात हलताना दिसले. आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

मग चिठ्ठ्या. माझ्या सभेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी मी मोठ्याने वाचायची, एकही दडवायची नाही. हा माझा नियम, गेली चार वर्षं. लोकांना त्यात लोकशाही दिसते.

दिसू दे.

८ जुलै, सोमवार

काल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

मला ऐकू येत नाही. उजव्या कानाने अजिबात नाही. डाव्याने, माणूस समोर उभा राहून खणखणीत बोलला तर. नळीतून तर चार वर्षांत एकही ठोका ऐकलेला नाही.

हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं. सूर्यभाननाही माहीत नाही. एकतीस वर्षांचा संसार! त्यांना वाटतं बायको वाचनात बुडालेली असते, म्हणून ओ देत नाही. युनियनच्या पोरींना वाटतं अक्का विचारांच्या जोरावर एवढ्या मोठ्याने बोलते. मी मोठ्याने बोलते कारण माझाच आवाज मला पुरत नाही.

नळीचं काम सोपं. रुंद तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान. घड्याळात पंधरा सेकंद मोजायचे, चाराने गुणायचं. पस्तीस चोक एकशे चाळीस. एकशे वीस ते एकशे साठ म्हणजे बाळ ठीक. मग मी एकशे चाळीस लिहिते. कधी एकशे छत्तीस, कधी एकशे चव्वेचाळीस. सगळे चारच्या पाढ्यातले. खोट्यालाही शिस्त लावली मी!

दर वेळी मात्र खोटं नसतं. माझ्या शिक्षिकेची एक रीत होती. शिकाऊ मुलीने नळीला कान लावायचा आणि ठोका ऐकू येईल तसं शिकवणारीच्या मनगटावर बोट आपटायचं. शिकवणारी घड्याळ बघून मोजते, मग स्वतः ऐकून ताळा करते. आता मी सारखी कुणाला ना कुणाला शिकवत असते. सगळ्या म्हणतात, अक्का किती जीव तोडून शिकवते! बोट मोजते. ताळा करत नाही.

आणि दुसऱ्या हाताने बाईची नाडी धरायची. आईचा ठोका वेगळा, बाळाचा वेगळा, घोटाळा व्हायला नको म्हणून. तेवढं अजून इमानाने करते. बोटं शाबूत आहेत.

पोरी नसतात तेव्हा एकशे चाळीस.

खाट नंबर नऊबद्दल या वहीतही लिहिणार नाही.

१४ जुलै, रविवार

लेक आली, माधवी, बाळंतपणाला. सातवा सरत आला. नल्लकुंट्याचं घर एकदम भरल्यासारखं झालं. धम्मदीप सोडायला आला होता. जावई म्हणून अवघडत नाही तो, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो.

जेवताना निघालंच. धम्मदीप म्हणाला, "मामी, मशीन आलंय तर लावा ना. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आला, तेव्हाही तुम्ही गेटवर भाषण केलं होतं. कोण मेलं का?"

सूर्यभान म्हणाले, "जावईबापू, काहून नादी लागता? ही बाई घरातला मिक्सरसुद्धा दोन वर्षं उपोषणाला बसवून मग वापरायला लागली!"

हसलो सगळे. मग माधवी म्हणाली, "मला नक्को ते मशीन. आई ऐकेल. माणसाचा पहिला ठोका माणसाच्या कानाने ऐकावा."

माझं वाक्य. जसंच्या तसं! भाषणाला ती नव्हतीही, आमच्या वॉर्डातल्या सुजाताने फोनवर सांगितलं असणार. म्हणाली, "माझ्या पोराचा ठोका पहिल्यांदा तू ऐकायचास, दुसऱ्या कुणी नाही."

तोंडात भाकरी होती, म्हणून बरं.

२२ जुलै, सोमवार

आज सुजाताला रडवलं.

सुजाता दोन वर्षांपूर्वी लागली. बारीकशी, कमी बोलणारी, कान तिखट. सकाळच्या पाळीत अकरा नंबरवर एक बाई होती, कळा जोरात. मी नळी लावली, एकशे चाळीस लिहिलं. दहा मिनिटांनी सुजाताने सहज म्हणून लावली. माझ्याजवळ येऊन तोंड माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "अक्का, मला शंभरच लागतायत. तुम्ही एकशे चाळीस लिहिलंय."

ती तोंडासमोर येऊन का बोलली? ते मागाहून सुचलं. तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले! आठ बायकांसमोर. "छत्तीस वर्षं मी हे करतेय. तू जन्मली नव्हतीस तेव्हा माझ्या या कानाखालून हजार पोरं गेली! दोन दिवस झाले नाहीत टोपी घालून—" शब्द कसे धावत येतात मला! एकेक नेमका, एकेक धारदार. ती खाली मान घालून उभी, डोळ्यांतून पाणी. यादम्मा, आमची आया, मध्ये पडली : "छोडो ना अक्का, बच्ची है."

सुजाताने वाद घातला नाही. गुपचूप जाऊन डॉक्टर अलकांना घेऊन आली. बाळ निळंसर निघालं, गळ्याभोवती नाळ. दोन मिनिटांनी रडलं. वाचलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. "दहा मिनिटांत उतरलेले दिसतायत ठोके. तरीच. सिस्टर, बरं झालं लक्ष ठेवलंत."

लक्ष ठेवल्याचं श्रेय मला! आणि मी घेतलं. मान हलवली.

सुजाता सगळं बघत होती.

२३ जुलै, मंगळवार

सुजाता आली. "जयभीम अक्का" म्हणाली, रोजच्यासारखं. त्याने जास्त लागलं.

४ ऑगस्ट, रविवार

हे लिहायचंच.

आज पुन्हा बैठक. हिम्मतराव स्वतः कागद घेऊन आले, सही-शिक्क्याचा. एकही सिस्टर कमी होणार नाही, पाळीला चार म्हणजे चार. यंत्र वरचं, जादा म्हणून राहील. मला म्हणाले, "जयवंताबाई, मी तुमचा दुश्मन नाही. आमचं पहिलं पोर गेलं, एकसष्ट साली, गावाकडे. सुईण म्हणत होती सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. तिला काय दिसत होतं आतलं? मला रेघ बघायचीय हो कागदावर. तेवढंच."

माझी मागणी होती ती सगळी मिळाली होती. जिंकले होते मी. खरोखर. उठून आभार मानायचे, पेटी उघडायची, चहा प्यायचा.

मी उठले आणि पाऊण तास त्या यंत्राविरुद्ध बोलले.

काय नाही बोलले! आज कागदाची रेघ, उद्या रेघ बघायला कुणी नको. आज पट्टा, उद्या त्या पट्ट्याचं बिल बाईच्या नवऱ्याच्या हातात. पुस्तकांतलं, वर्तमानपत्रांतलं, जे जे आठवलं ते. त्यातलं बरंचसं खरंही आहे! मला आजही खरं वाटतं. पण मी ते खरं आहे म्हणून बोलत नव्हते. ते यंत्र खाटेशेजारी आलं तर त्याचा आकडा आणि माझा आकडा शेजारी शेजारी येतील, म्हणून बोलत होते.

पोरींनी हात वर केले. सगळ्यांनी. सुजाताचा हात शेवटी वर गेला.

हिम्मतरावांनी कागदाची घडी घातली. काही म्हणाले. त्यांचं तोंड दाराकडे होतं, मला ऐकू आलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनाला मलाच बोलायला लावलं. स्वातंत्र्यावर वीस मिनिटं.

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी ठरवलं होतं, माधवीला सांगायचं. घरी कुणी नव्हतं. ती पलंगावर पडून माझ्याकडून पाय चेपून घेत होती. मी सुरुवात केली, "माधवी, ऐक—"

ती म्हणाली, "मी नाही, तू ऐक! नळी आहे ना पिशवीत? लाव ना. किती दिवस म्हणतेय."

नळी काढली. लावली. कान टेकवला. पोट उबदार, टणक. बाळाने नळीला लाथ मारली, ती कानशिलावर लागली. ठोका नाही. काही नाही. आत इतकं शांत, की मला त्या पोराचीच माफी मागावीशी वाटली.

वर बघितलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर. सांगायचं तर हीच वेळ होती.

"एकशे चाळीस," म्हणाले.

माझ्या गळ्यात पडली! मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आजच्या चौकोनात, लिहिलं : १४०. मराठी आकडे. तिला शाळेत मराठी नव्हती, घरी मीच शिकवली. अजून तिचं अक्षर दुसरीतल्या मुलीसारखं आहे, मोठं मोठं, ओळ सोडून जाणारं.

म्हणाली, "दर रविवारी लिहायचं हं."

१ सप्टेंबर, रविवार

१३६.

मागच्या रविवारी १४४ होते. सारखे एकच नकोत, म्हणून. एवढी काळजी घेते मी!

९ सप्टेंबर, सोमवार

हिमायतनगरला कानाच्या डॉक्टरकडे गेले. प्रसूतिगृह आहे त्या गौलीगुड्याहून लांब, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करा, म्हणाला. मी समोरच्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून कधी बटण दाबतेय त्याचा अंदाज घेत बोट वर करत होते. तिथेसुद्धा! तिने शेवटी खुर्ची फिरवून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

डॉक्टर तरुण, बोलका. कागदावरची उतरती रेघ दाखवली. म्हणाला, "अम्मा, दोनो कान. बहुत साल हो गए. मशीन लगाना पडेगा."

मशीन.

"करता काय तुम्ही?" विचारलं.

"शिवण शिकवते," म्हणाले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आजचं काम सगळ्यात हलकं. हलकं म्हणजे हलक्या दर्जाचं.

धम्मदीप संध्याकाळी आला तेव्हा त्याला गच्चीवर नेलं. म्हणाले, "कळा सुरू झाल्या की तू अडून बस. यंत्र लावल्याशिवाय हात लावू देणार नाही म्हण. हिम्मतरावांना फोन कर. मी विरोध करेन. तू ऐकू नको."

तो हसायला लागला. "मामी, म्हणजे तुम्ही मला तुमच्याच विरुद्ध फितवताय?"

"आजीचा जीव आहे. युनियनचा वेगळा, आजीचा वेगळा."

"मग हेच सभेत सांगा की! लोक खुश होतील."

काय सांगू? हसण्यावारी नेलं. तो वचन देऊन गेला. पोरगा चांगला आहे. त्याला वाटलं, सासू तत्त्वाची पक्की आहे आणि आतून हळवी आहे. दोन्ही चुकीचं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल झालं. सगळं जसं झालं तसं लिहिते. एक शब्द सजवणार नाही.

पहाटेपासून कळा. सात वाजता रिक्षाने प्रसूतिगृहात. यादम्मा नऊ नंबरवर चादर घालायला लागली. मी म्हणाले, सातवर घे. "ये खाली है ना अक्का?" सातवर घे म्हणाले ना!

धम्मदीपने वचन पाळलं. दारात उभा राहून आरडाओरडा केला. मी चार वाक्यं विरोधाची बोलले, पाठ केल्यासारखी. माधवी ओरडली, "धम्मदीप, आईला काय बोलतोस!" दहा वाजता हिम्मतरावांचा निरोप आला, डॉक्टर अलकांनी पेटी फोडली. पट्टा बांधला. बटण फिरवलं.

आणि मला ऐकू आलं.

यंत्राला भोंगा आहे. आवाज मोठा करता येतो. दूर कुणीतरी भराभर धुणं आपटतंय तसा ठोका, ठक ठक ठक ठक, सबंध खोलीभर. चार वर्षांत पहिल्यांदा बाळाचा ठोका ऐकत होते, तोही माझ्या लेकीच्या पोटातला. माझे डोळे वाहायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, "बघा सिस्टर, उगाच भांडत होतात." आकडा एकशे चोवीस. रेघ छान. सगळ्या हसत होत्या. मी पुढे तासभर खाटेजवळून हलले नाही, नुसती ऐकत बसले. चाळीस मिनिटं, पाऊण तास या यंत्राला शिव्या घातल्या होत्या मी!

साडेअकराला माधवीने माझा हात मागितला. अंग तापलेलं होतं तिचं. मी हात धरला, आणि बोटं सवयीने नाडीवर गेली.

बोटाखाली ठोका, यंत्रात ठोका. बोटाखाली, यंत्रात. बोटाखाली, यंत्रात. एकही मागेपुढे नाही.

भोंग्यातून ऐकू येत होती ती माधवी होती. ताप आणि कळा, म्हणून तिचीच नाडी एकशे चोवीसवर गेलेली. पट्ट्याने आईचा ठोका पकडला होता, आणि बाळाचा कुणीच ऐकत नव्हतं. एक तास!

मी ओरडले, "सुजाता! नळी! आवाज बंद करा तो!"

डॉक्टर म्हणाल्या, "काय झालं?"

नळी माझ्या हातात दिली यादम्माने. मी ती सुजाताच्या हातात दिली. माझं मनगट तिच्यापुढे केलं. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग वाकली, कान लावला, बोट माझ्या मनगटावर ठेवलं.

ठोकलं. थांबली. ठोकलं. थांबली.

पंधरा सेकंदांत वीस. वीस चोक ऐंशी.

"ऐंशी!" म्हणाले मी. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

डॉक्टरांनी पट्टा खाली सरकवला, दाबून धरला. यंत्र पुन्हा बोलायला लागलं, हळू, खूप हळू. ब्याऐंशी. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं होतं. डोकं ओढायला चिमटे लावले. अकरा सत्तेचाळीसला मुलगी बाहेर आली, गळ्याला नाळेचे दोन वेढे. रंग सांगवत नाही. यादम्मा भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होती.

दीड मिनिटाने तोंड उघडलं तिने. मला ऐकू आलं नाही. बाकीच्यांचे चेहरे बघून कळलं की ती रडली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बाळ दूध प्यायलं. रंग आला. सूर्यभान तिला मांडीवर घेऊन बसले आहेत, कुणाला देत नाहीत.

२५ सप्टेंबर, बुधवार

गोष्ट गौलीगुडाभर झाली. यंत्र चुकलं, अक्काचा कान चुकला नाही!

भाजीवाली म्हणते. रिक्षावाला म्हणतो. आज हिम्मतराव नारळ-साडी घेऊन घरी आले, बाळाच्या हातात चांदीचं नाणं ठेवलं आणि माझ्यापुढे हात जोडले. "जयवंताबाई, हरलो मी. तुमच्या कानापुढे परदेशी माल हरला." या माणसाचं पहिलं पोर "सगळं ठीक आहे" ऐकत गेलेलं. आणि तो माझ्यापुढे हात जोडतो!

मी म्हणाले, "यंत्र वाईट नाही. वापरणारं माणूस जागं पाहिजे." टाळीचं वाक्य. निघालंच तोंडातून.

युनियनने तीन नोव्हेंबरला जाहीर सत्कार ठेवला आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सुजाताला गाठलं, कपडे वाळत घालायच्या जागी. म्हणाले, "तू ऐकलं होतंस. नाव माझं होतंय."

ती हसली. चादर झटकत म्हणाली, "होऊ दे की अक्का. नाडी तुम्हीच ओळखली. मी तर मशीनच ऐकत बसले होते सगळ्यांसारखी."

"तुला माहीत आहे," म्हणाले.

"हौ." आणि मग माझ्या समोर येऊन, हळू, एकेक शब्द सुटा करून : "पहिल्या महिन्यापासून. तुम्ही ताळा करत नाही. म्हणून तुम्ही लावलेल्या नळीनंतर मी पुन्हा लावते. रोज. सगळ्यांना."

दोन वर्षं एक पोरगी माझ्यामागून प्रत्येक खाटेवर जात होती! आणि मी तिला आठ बायकांसमोर टोपीवरून बोलले.

ती यायच्या आधी माझ्यामागून कुणी जात नव्हतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज माधवीने कॅलेंडर उतरवून बाळाच्या कपड्यांबरोबर ट्रंकेत ठेवलं. जपून ठेवणार म्हणते. मोठी झाली की दाखवीन, आजीने तुला कसं ऐकलं.

ते चौकोन बघत बराच वेळ बसली होती. काय विचार करतेस, म्हटलं. काही नाही म्हणाली. माझ्याकडे पाठ करून आणखी काही म्हणाली. मी "हं" म्हणाले.

ती वळून बघत राहिली.

२ नोव्हेंबर, शनिवार

उद्याचं भाषण तयार आहे. चांगलं झालंय. तीच शरमेची गोष्ट आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

हॉल भरलेला. हिम्मतराव पहिल्या रांगेत. माधवी बाळाला घेऊन तिसऱ्या रांगेत, शेजारी सुजाता. पन्नास मिनिटं बोलले. लोक उभे राहिले.

मग चिठ्ठ्या. पाचवी उघडली. अक्षर मोठं मोठं, ओळ सोडून गेलेलं.

"आई, नळीला कान सुजाताने लावला होता. मग कॅलेंडरवरचे आकडे तू कुठून आणलेस?"

नियम माझाच. मोठ्याने वाचली.

मला चार वर्षांपासून ऐकू येत नाही, म्हणाले. माईकवर. मग कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. सन चौऱ्याण्णव, चौदा एप्रिल, पोरी जयंतीच्या सुट्टीवर. खाट नंबर नऊ. तिचं नाव मनकर्णा होतं, पहिलटकरीण. मुलगा झाला. रडला नाही. कागदावर मी चार वेळा एकशे चाळीस लिहिलं होतं.